मुलाखतीला घरी गेल्यावर काय बघायचं

तुम्ही विचारलंय की एक्स्चेंजला, म्हणजे परदेशात तिथल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायला, जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घ्यायला व्हॉलंटिअर म्हणून बोलावलंय, पण इंग्रजी जेमतेम आहे, तर हो म्हणावं का. जरूर म्हणा. मी सोलापुरात नऊ वर्षं हे काम करतेय. मुलाचं इंग्रजी अर्जावरून, शाळेकडून कसंही कळतं. घर मात्र घरी जाऊन बसल्यावरच कळतं, आणि ते घरच्या भाषेतच बोलतं. अशोक चौकाच्या बाजूला एका घरी आजीला फक्त तेलुगू येत होतं. बरोबरच्या व्हॉलंटिअरला तेलुगू येत होतं म्हणून कळलं, नात वर्षभर जाणार हे आजीला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी कार्यक्रम नीट समजून घ्या, कारण पालक तुम्हालाच विचारतात. उदाहरणार्थ, रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये मुलं १५ ते १९ वयाची असतात. लांब मुदतीचा कार्यक्रम एका शैक्षणिक वर्षाचा, आणि त्यात बहुधा एकाहून जास्त कुटुंबांत राहावं लागतं. ती कुटुंबं भाडं घेत नाहीत. आपल्याकडे हीच गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही. ‘पेइंग गेस्ट’ समजून स्वतंत्र खोली, शाकाहारी स्वयंपाक यांची यादीच काढणारे पालक भेटतात. त्यांना शांतपणे सांगायचं, की मुलगी तिथे घरातली एक म्हणून राहणार, भांडी घासणार, कचरा बाहेर नेऊन ठेवणार. हे ऐकताना आईवडील एकमेकांकडे कसे बघतात ते बघा.

दुसरा कळीचा प्रश्न वर्षाचा. अमेरिकेत शाळा साधारण ऑगस्टपासून मे-जूनपर्यंत चालते, म्हणजे अकरावीतला मुलगा परत येईल तेव्हा त्याच्या मित्रांची बारावी सुरू झालेली असेल. ‘अकरावी पुन्हा करायची तयारी आहे का?’ हे मुलाला आणि वडिलांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर तसंच लिहून द्या.

मुलाशी वेगळं बोलणं कधीही टाळू नका. दोघे व्हॉलंटिअर हजर हवेत, दार उघडं हवं, घरच्यांना आपण दिसत राहायला हवं, फक्त शब्द त्यांच्या कानावर पडू नयेत. यात मी एकदा चुकले. होतगी रोडवरचा मुलगा, बोलणं अस्खलित, घर हौशी. आईसमोरच सगळं विचारलं आणि खूश होऊन शिफारस केली. दोन महिन्यांत तो परत आला. जायची हौस वडिलांची होती, आणि ते त्याने मला सांगितलंही असतं, पण मी त्याला एकट्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. अजून वाईट वाटतं.

पाठ केलेली उत्तरं येणारच. ‘तिकडे सोलापूरबद्दल काय सांगशील?’ म्हटलं की चादर, शेंगाचटणी, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, असं घडाघडा येतं. तिथे न थांबता विचारा, ‘गड्ड्याला शेवटचा कधी गेलास? कुणाबरोबर?’ एक मुलगी म्हणाली, पाळण्यात बसायची भीती वाटते म्हणून लहान भावाला मी खाली उभी राहून हात करते. त्या एका वाक्यात मला ती कळली. तसंच, ‘घरात शेवटचं भांडण कशावरून झालं आणि मिटलं कसं?’ हेही विचारा. ‘आमच्याकडे भांडणंच होत नाहीत’ म्हणणाऱ्या घरात जरा जास्त वेळ बसा.

औषधं, ॲलर्जी, आधीचे आजार विचारताना संकोच नको. लपवलं तर तिकडे लेकराचे हाल होतात, हे स्पष्ट सांगा.

चहा-पोहे घ्या. चादर किंवा टॉवेलची जोडी हातात ठेवतील, ती मात्र प्रेमाने परत द्या. ओळखीचं घर असेल तर मुलाखत दुसऱ्याला घेऊ द्या. निकालाचा अंदाज कुणालाही देऊ नका, गल्लीत चर्चा तर नाहीच.

अहवाल त्याच रात्री लिहा आणि दिसलं ते लिहा. ‘मुलगा नम्र आहे’ याचा निवडणाऱ्यांना काही उपयोग नाही. ‘आजी बोलत असताना तीनदा मध्ये बोलला, वडिलांनी टोकल्यावर गप्प बसला’ याचा आहे.

एका रविवारी दोनच घरं घ्या. पहिल्या घरी जुन्या व्हॉलंटिअरबरोबर जा आणि नुसतं ऐकत बसा. जुळे सोलापूरकडे असाल तर मला कळवा, माझ्याबरोबर चला.