‘न केलेलं बरं’ आणि ‘हॅड बेटर’
वाचकांचे प्रश्न : इंग्रजीत सुचवायचं कसं?

प्रश्न, रावेरहून : आम्ही केळी निर्यात करतो. कंटेनरचं तापमान साडेतेराच्या खाली न नेलेलं बरं, असं दुबईच्या ग्राहकाला कळवायचं होतं. ‘यू हॅड बेटर नॉट लोअर द टेम्परेचर’ असं लिहिलं. उत्तर अगदी तुटक आलं. वाक्यात चूक कुठे आहे?

उत्तर : व्याकरणात चूक नाही. ‘नॉट’ जागेवर आहे, पुढे क्रियापदाचं मूळ रूप आहे आणि ‘हॅड’ दिसलं तरी अर्थ भूतकाळाचा नसतो, हेही तुम्ही सांभाळलंत. घोटाळा ‘बरं’मुळे झाला. आपलं ‘न नेलेलं बरं’ मऊ असतं. ‘काका, आज उन्हात न गेलेलं बरं’ हे वडीलधाऱ्यालाही सांगता येतं. इंग्रजी ‘हॅड बेटर’च्या शेपटाला मात्र न बोललेलं ‘नाहीतर’ चिकटलेलं असतं. नाहीतर गाडी चुकेल, नाहीतर मी बघून घेईन. आई मुलाला म्हणेल, मित्र मित्राला म्हणेल. पैसे देणाऱ्या ग्राहकाला म्हटलं की दम भरल्यासारखं होतं.

शब्दशः जवळचं म्हणून ‘इट इज बेटर नॉट टु लोअर इट’ चाललं असतं. त्यात धमकी नाही, सर्वसाधारण मत आहे. व्यवहारात याहून बरं म्हणजे ‘वी वुड रेकमेंड कीपिंग इट अ‍ॅट १३.५ डिग्रीज’, आणि लगेच कारण : ‘बिलो १३, द पील टर्न्स डल अँड द फ्रूट डझ नॉट रायपन प्रॉपर्ली’. थंडी लागलेली केळी काळवंडते आणि नीट पिकत नाही, हे एकदा लिहिलं की जोर कारणच लावतं, क्रियापदाला लावावा लागत नाही.

उलटी चूकही करू नका. घाबरून ‘यू माइट कन्सिडर’ लिहिलंत तर समोरचा ते ऐच्छिक समजेल. करारात तापमान ठरलेलं असेल तर सुचवण्याच्या भानगडीत न पडता सरळ ‘प्लीज डू नॉट लोअर द टेम्परेचर’ लिहा. ‘प्लीज’ लावलेली आज्ञा ‘हॅड बेटर’पेक्षा सभ्य वाटते, हे आपल्या कानाला विचित्र वाटेल, पण आहे तसंच.

प्रश्न, भुसावळहून : ‘लेट्स गो’, ‘लेट अस गो’ आणि ‘शॅल वी गो’ या तिन्हींचं मराठी आम्ही ‘जाऊ या’ असंच करतो. फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो समजायला मराठी माणसाला सगळ्यात सोपा जावा. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत; इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. ‘लेट्स’मध्ये फक्त ‘आपण’ बसतो. ‘लेट अस’ सुटं लिहिलं की दोन्ही बसतात : प्रार्थनेत किंवा भाषणात ‘आपण करू या’, आणि एरवी बऱ्याचदा ‘आम्हाला करू द्या’. तास संपल्यावर वर्गातून ‘लेट्स गो, सर’ म्हणालात तर सरांनाच बरोबर चला म्हटल्यासारखं होईल. तिथे ‘प्लीज लेट अस गो’ हवं.

‘शॅल वी’ हे ‘जाऊ या’ नव्हेच, ते ‘जायचं का?’ आहे. रविवारी मळ्यात भरीत करायचं मनात आहे, पण पाहुण्यांना कळण्याची भाकरी चालते की नाही ठाऊक नाही. तेव्हा ‘शॅल वी’. घरच्यांशी ठरल्यासारखंच आहे, फक्त उठवायचंय, तेव्हा ‘लेट्स’. दोन्ही एकत्रही येतात : ‘लेट्स गो, शॅल वी?’ म्हणजे जवळजवळ ‘चला ना भो’. अमेरिकन बोलण्यात ‘शॅल वी’च्या जागी पुष्कळदा ‘शुड वी’ ऐकू येईल. नकाराला ‘लेट्स नॉट’.

प्रश्न, धुळ्याहून : ‘हाउ अबाउट’ की ‘व्हॉट अबाउट’?

उत्तर : सुचवायला दोन्ही चालतात. पुढे नाम किंवा ‘इंग’चं रूप, ‘हाउ अबाउट टु गो’ चुकीचं. मात्र राहून गेलेली गोष्ट काढायची असेल तर ‘व्हॉट अबाउट’च. मंगळवारी ट्रक पाठवू असं कोणी म्हणालं, तर ‘हाउ अबाउट वेन्सडे?’ म्हणजे बुधवार कसा वाटतो. ‘व्हॉट अबाउट द लोडिंग?’ म्हणजे अहो, भराईचं काय?

प्रश्न, अमळनेरहून : ‘आय सजेस्ट यू टु टेक रेस्ट’ या वाक्याखाली संगणक रेघ ओढतो. का?

उत्तर : मराठीत ‘मला सांगितलं’ आणि ‘मला सुचवलं’ एकाच साच्यात बसतात. इंग्रजीत ‘टेल’, ‘आस्क’, ‘अ‍ॅडव्हाइज’ यांच्यापुढे माणूस आणि मग ‘टु’ येतं. ‘सजेस्ट’ त्या रांगेत उभं राहत नाही. ‘आय सजेस्ट यू टेक रेस्ट’ किंवा ‘आय सजेस्ट टेकिंग रेस्ट’ लिहा. ‘ही सजेस्टेड मी अ डॉक्टर’ हीसुद्धा याच घरातली चूक. ‘ही सजेस्टेड अ डॉक्टर टु मी’ हवं. पहिल्या नमुन्याचा सूर जरा साहेबी आहे, म्हणून मोठ्यांना ‘कुड आय सजेस्ट’ने सुरुवात करावी. दुसऱ्यात विश्रांती कोणी घ्यायची ते मोघम राहतं. कधी कधी तेच सोयीचं असतं.

प्रश्न, जळगावहून : साहेबांनी लिहिलं, ‘यू माइट वॉन्ट टु चेक द फिगर्स अगेन’. मला वाटलं माझ्या मर्जीवर सोडलंय, म्हणून तसंच ठेवलं.

उत्तर : तपासा, आजच. चूक त्यांना आधीच दिसलेली असण्याची शक्यता जास्त.