स्मेथिकच्या फौंड्रीतली माणसं

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत लहान फौंड्री आहे. पुतण्या नोकरीसाठी बर्मिंगहॅमला असतो. तो सांगतो, शेजारच्या स्मेथिकमधले जुने पंजाबी लोक बहुतेक फौंड्रीतच होते. शेतकऱ्यांची ही मुलं ओतकामात कशी शिरली? आणि बायका-मुलांशिवाय राहत कशी होती?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भट्टीपुढची पाळी कशी असते हे तुम्हाला मी काय सांगणार! महायुद्धानंतर तिथल्या गोऱ्या कामगारांना बरी कामं मिळू लागली. धूळ, धग आणि रात्रपाळीला माणूस मिळेना. 1948च्या कायद्यामुळे राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहायची, काम करायची मुभा होती. जालंधर, होशियारपूरकडे जमिनीचे तुकडे पडलेले, त्यात फाळणीचा घाव. पोरं निघाली. एक कामाला लागला की गावातल्या दुसऱ्याला फोरमनपुढे नेऊन उभा करायचा.

मी 1970च्या दशकात स्मेथिकमध्ये बायकांना इंग्रजी शिकवत असे. एकीने नवऱ्याची जुनी वही दाखवली होती. कोळसा, कणीक, बटाटे, कुणाकडून किती येणं, सगळं गुरुमुखीत. गोरे घरमालक खोली देत नसत, म्हणून चौघं-पाचजण पैसे घालून एक घर घेत आणि बाकीच्यांना आसरा देत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच खाटेवर आडवा व्हायचा, अगदी आपल्या गिरणगावातल्या गाळ्यासारखं. स्वयंपाकाची पाळी ठरलेली. लिहितावाचता येणारा सगळ्यांची पत्रं लिहायचा. 1962च्या कायद्याने येण्यावर बंधनं आली, तेव्हा पुढे दार बंदच होईल या धास्तीने अनेकांनी बायका-मुलांना बोलावून घेतलं.

त्यांना ‘बिचारे’ मात्र म्हणू नका, मला ते अजिबात खपत नाही. ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ 1930च्या दशकातच कॉव्हेंट्रीत उभी राहिली होती. फॉर्म भरून देण्यापासून संपापर्यंत सगळ्याला ती धावून जायची. 1958 साली आलेले अवतारसिंग जौहल फौंड्रीत राबले आणि त्याच संघटनेचे पुढारी झाले. 1961मध्ये स्मेथिकच्या हाय स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चमध्ये गुरुद्वारा उघडला.

1964च्या निवडणुकीत तिथे उघड वर्णद्वेषी प्रचार झाला आणि ज्याच्या बाजूने तो झाला, तो उमेदवार तिथे जिंकला. मार्शल स्ट्रीटवरची रिकामी घरं नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, अशी मागणी तिथले काही गोरे रहिवासी करत होते. काही पबच्या खास दालनांत काळ्या-सावळ्या माणसाला ग्लास मिळत नसे. जौहलांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे पुढारी माल्कम एक्स यांना बोलावलं. 12 फेब्रुवारी 1965 रोजी ते त्या रस्त्यावरून चालले, पबमध्येही गेले. नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला.

त्याच वर्षी पब-हॉटेलांतल्या भेदभावाला कायद्याने बंदी आली. घर आणि नोकरी त्या कायद्यात नव्हती. म्हणजे फौंड्रीतल्या माणसाला जिथे रोज चटका बसत होता, नेमकं तेच वगळलं! त्यासाठी 1968चा कायदा यावा लागला. पुतण्याला मार्शल स्ट्रीटवर जायला सांगा, तिथे माल्कम एक्स यांच्या भेटीची निळी पाटी आहे. आणि गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेल्या म्हाताऱ्यांशी त्याने फौंड्रीच्या गोष्टी काढाव्यात. तुमच्या घरचा पोरगा म्हटल्यावर त्याला ओतकामातलं कळेलच.