गाय घेताना दाखवलेला ‘ब्रुसेला निगेटिव्ह’ कागद सरकारी खात्याने तपासलेला असतो का?

मंचरकडच्या व्यापाऱ्याकडून चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई घेताय आणि त्याने प्रत्येकीचा ब्रुसेला (गाई गाभडवणारा जिवाणूंचा रोग) ‘निगेटिव्ह’ असल्याचा कागद दिलाय, असं तुम्ही लिहिलंय. सौदा गोठ्यातच झाला तर तो कागद आपोआप कुठल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जात नाही. पडताळणी तुम्हालाच करावी लागेल, पण त्यासाठी लागणाऱ्या नोंदी सरकारकडे असतात.

आधी कागद कसला आहे ते बघा. बऱ्याचदा तो वाहतुकीचा दाखला निघतो. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांनुसार गाडीसोबत तो लागतोच. पण गाय प्रवासाला तंदुरुस्त आहे आणि तिला संसर्गजन्य रोग नाही, एवढंच डॉक्टर त्यात प्रमाणित करतो. ती रक्ततपासणी नव्हे. गाभडवणारा ब्रुसेला वरून दिसत नाही.

खऱ्या अहवालावर चाचणीचं नाव, नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेचा जावक क्रमांक आणि गाईच्या कानातल्या टॅगचा 12 अंकी क्रमांक असतो. सगळा घोळ टॅगपाशी होतो. रक्ताच्या नळ्यांवर नुसते १, २, ३ लिहिलेले असतात, बर्फाच्या ओलीने शाई पुसते आणि मग ‘नमुना क्र. ३ निगेटिव्ह’ म्हणजे नेमकी कुठली गाय हे कोणालाच सांगता येत नाही. टॅग नसलेला अहवाल मी तरी धरणार नाही. कानातला नंबर स्वतः वाचा, दवाखान्यात ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदणी प्रणालीवर जात, वय आणि मालक जुळतो का ते पाहायला सांगा. सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक राज्य पशुवैद्यक परिषदेचा हवा. पदविकाधारक पर्यवेक्षकाची सही चालत नाही.

कागद बरोबर निघाला तरी फेरतपासणी कराच. लागण ताजी असेल, किंवा गाय व्यायच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत तपासली असेल, तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नव्या गाई महिनाभर वेगळ्या बांधा आणि मग पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून नमुने घ्या. प्रत्येक गाईला नवी सुई, साध्या नळीत 5 ते 10 मिली रक्त. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी नको, सिरमसाठी (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) रक्त गोठावं लागतं. रक्त साकळेपर्यंत नळी तिरकी ठेवा, नंतर बर्फाच्या डब्यात. फ्रीझरमध्ये मात्र अजिबात नको. पेशी फुटून सिरम लाल होतं आणि नमुना वाया जातो. नळीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने पूर्ण टॅग लिहा.

सोबतच्या पत्रात वय, गाभण आहे का, पूर्वी गाभडली होती का आणि ब्रुसेलावरच्या एस-19 लसीची तारीख लिहा. ही लस मादी वासराला 4 ते 8 महिन्यांत एकदाच देतात. तारीख नसेल तर लसीमुळे आलेला पॉझिटिव्ह रोगाचा समजला जातो. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने देताना आवक क्रमांक घ्या. तिथली रोझ बेंगॉल ही चाचणी म्हणजे पहिली चाळणी आहे. त्यात पॉझिटिव्ह आली तर एलायझा या दुसऱ्या चाचणीने खात्री करायला सांगा.

खात्रीशीर पॉझिटिव्ह निघाली तर दवाखान्याला लगेच कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याने रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. कच्चं दूध कोणी पिऊ नये आणि गाय व्याल्यावर पडणारी वार हातमोजे घालूनच उचला, माणसालाही हा रोग होतो. म्हणून सौद्याच्या चिठ्ठीवर चारही टॅग क्रमांक आणि ‘फेरतपासणीत पॉझिटिव्ह आल्यास पैसे परत’ ही अट आत्ताच लिहून घ्या.