सुपरवायझर का हसले?

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगच्या कारखान्यात वेल्डिंग शेडमधली गरम केलेली हवा ब्लोअर दिवसभर बाहेर फेकतात. ती गाळून परत आत सोडली तर वीज वाचेल, असं म्हटल्यावर सुपरवायझर हसले. यात करिअर होईल का? बाबा म्हणतात, शेवटी एसीच दुरुस्त करशील.

उत्तर: तुझा हिशोब चुकलेला नाही. ताशी १०,००० घनमीटर हवा २० अंशांनी तापवायला साधारण ६७ किलोवॉट उष्णता सतत पुरवावी लागते. हवा बाहेर गेली की तीही गेली. पण वाचते ती हवा तापवण्याची किंवा गार करण्याची ऊर्जा. ब्लोअरची वीज उलट वाढू शकते, कारण फिल्टर वाटेत अडथळा आणतो आणि भरत जाईल तसा जास्तच आणतो.

सुपरवायझर बहुधा दुसऱ्याच कारणाने हसले असावेत. धुळीचा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. वेल्डिंगमधला ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ परत येतील आणि साचत जातील. स्टेनलेस स्टीलच्या धुरात तर कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम असतं. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर बसवावा: जाणारी हवा आपली उष्णता येणाऱ्या हवेला देते, दोन्ही मिसळत नाहीत. त्याहून आधी हूड, म्हणजे धूर ओढून घेणारं तोंड, ठिणगीच्या जवळ आणावा, म्हणजे कमी हवा ओढून भागतं. डक्ट (हवा वाहून नेणारा पाइप) तोच ठेवून ब्लोअरचा वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी होते. हे गणित मला आजही जादूसारखं वाटतं.

तर करिअर आहे: व्हेंटिलेशन डिझाइन, एनर्जी ऑडिट, फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या. थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स तू शिकतोच आहेस. मेकॅनिकलची मुलं टाळतात तो विषय म्हणजे औद्योगिक आरोग्य, कामगाराच्या श्वासात काय जातं याचा अभ्यास. तोच मन लावून शीक. नुसतं वीजबिल वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात मी हवेचं रीसर्क्युलेशन देणार नाही.

आणि बाबांशी वाद घालू नकोस. कॉइल, फिल्टर, बेल्ट हाताने उघडून पाहिलेला डिझायनर कागदावर कमी चुका करतो. ट्रेनिंग संपायच्या आत सुपरवायझरांची परवानगी घेऊन डक्टमधला वेग ॲनिमोमीटरने आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मॅनोमीटरने मोजून घे. ते आकडे घेऊन त्यांच्याकडे पुन्हा जा.