फणसाचं लाकूड मऊ असल्यामुळे लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) फाटतं का? आणि त्याचा पिवळा रंग कसा टिकवायचा?

फाटतं ते बोथट पटाशीमुळे. "मऊ लाकडाला धार कशाला हवी?" असं म्हणणाऱ्याने फणसाला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे मी काम शिकले, त्या मिस्त्रींच्याच तोंडून हे "धार कशाला" मी कायम ऐकत आले.

शिसवीसारखं टणक लाकूड हत्याराखाली दबत नाही. मऊ लाकडाचे तंतू आधी वाकतात आणि मग उपटून येतात. त्यातून फणसाचे तंतू थराथराने उलटसुलट तिरके गेलेले. वाडगा कातताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा तंतूंची टोकं पटाशीसमोर येतात आणि तिथेच, समोरासमोर, दोन खरबरीत पट्टे उठतात.

असाच एक मोठा वाडगा मिस्त्रींनी माझ्या हाती दिला. कडेला पांढरं लाकूड, आत हळदीसारखा गाभा. "साठ नंबरचा जाड पॉलिशपेपर मार, जातील पट्टे." पट्टे गेले नाहीत. आजूबाजूचं लाकूड मात्र झिजलं, तोंडाचा गोल बिघडला आणि पिवळा भुगा पांढऱ्या कडेच्या रंध्रांत जाऊन बसला. त्यावर त्यांचा निकाल काय, तर "फणस लेथचं लाकूडच नाही." मृदंगाचं खोड आणि तंजावरची वीणा ज्या लाकडाची करतात त्याच्याबद्दल हे! मी गोल पटाशीला नव्याने धार लावली, बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडाला टेकवून हलका हात ठेवला; बाहेरून बुडाकडून तोंडाकडे, आतून तोंडाकडून बुडाकडे. लांब, अखंड साल निघू लागली. पट्टे गेले आणि पेपर थेट बारीक, १८० नंबरपासून लावता आला. मिस्त्री म्हणाले, "ओंडका चांगला निघाला." ओंडका काय, वाडगासुद्धा तोच होता.

रंगाचं म्हणाल तर तो टिकत नाही. गाभ्यात मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. याच लाकडाचा भुसा उकळून बौद्ध भिक्षूंची चीवरं (वस्त्रं) रंगवत आले आहेत. पण उजेडात लाकूड आधी सोनेरी आणि मग तपकिरी होत जातं. अतिनील किरण अडवणारं व्हार्निश हा बदल लांबवतं, थांबवत नाही. तेलाने पिवळा लगेच गडद होतो, त्यापेक्षा पातळ चपडा (लाखेचं पॉलिश) बरा. पिवळा स्टेन (लाकडात मुरवायचा रंग) मात्र मारू नका. मला तो तपकिरी रंगही आवडतो.

ओलं लाकूड असेल तर भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड ठेवून आधी ओबडधोबड कातून घ्या, तंतूंची टोकं जिथे उघडी आहेत तिथे मेण लावा आणि पूर्ण वाळल्यावरच शेवटचं काम करा. तोवर वाडगा लांबट होणारच.

आणि हो, मऊ म्हणजे शिसवीच्या मानाने. पांगाऱ्यासारखा मऊ फणस नाही. काही ओंडक्यांत तंतू इतके उलटसुलट असतात की चांगल्या धारेनेही थोडे उपटतात. अशा जागी पातळ चपडा मुरवा, सुकू द्या आणि पटाशी पुन्हा परजून अगदी बारीक कातून घ्या. साठ नंबरचा पेपर तिथेही नको.