आधी नाव लागू दे

पोरी,

दादा म्हणतो, भाऊबीजेला येशीलच, तेव्हा जमिनीच्या हक्कसोडपत्राचंही उरकून टाकू. आई म्हणते, माहेर तुटेल. आणि तू मला विचारतेस, ‘मावशी, मी लोभी ठरेन का?’

ठरशील. सही करू नकोस.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ठरलं. त्या वर्षी वडील हयात असण्याचीही अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. ‘तुझ्या लग्नात केलं की एवढं’ हे दादाचं वाक्य कायद्यात कुठेच बसत नाही. तू शिकलेली आहेस, हे मी तुला सांगायला हवं का?

त्या कागदावरची भाषा नीट वाच. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, विनामोबदला.’ म्हणे दडपण नाही! समोर ओवाळणीचं ताट, आई पदराने डोळे पुसतेय, वहिनी आतून कान देऊन ऐकतेय, आणि दडपण नाही.

दादा शेतात राबतो, हे खरंच आहे. त्याला द्यावंसं वाटतं ना? दे, सगळं दे. पण आधी सातबाऱ्यावर तुझं नाव लागू दे. पीक त्यालाच घेऊ दे, पण आधी नाव. वारस नोंदीच्या फेरफाराची नोटीस आली आणि तुझं नाव गाळलेलं दिसलं, तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत दे आणि पोच घे. हक्कसोडपत्रासाठी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर एकदा अंगठा आणि फोटो झाला, की मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

मी सही केली नाही. भाऊबीज बंद झाली, गौरीला बोलावणं येईना. आई अंथरुणाला खिळल्याचं मला गावातल्या शेजारणीकडून कळलं, ते अजून सलतं. पण सही केली असती तर कळवलं असतं? माझ्या जावेने केली होती. तिला वर्षाला एक साडी येते, तीही आता कुरिअरने. तेव्हा मला हट्टी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. आहेच मी हट्टी.

तू भाऊबीजेला जा. ओवाळ, फराळ कर, भाचरांना खाऊ ने. कागद पुढे आलाच तर त्याचा फोटो काढून मला पाठव, आणि ‘वकिलाला दाखवून सांगते’ एवढंच म्हण. भांडू नकोस. आणि येताना आठ-अ चा, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा, उतारा काढून आण. गट किती आहेत, हेसुद्धा तुला माहीत नाही!

तुझी,
मावशी