पाण्यातली बुरशी आणि तिचा श्वास

प्रश्न : बुरशी पाण्यात बुडून गुदमरत कशी नाही?

तिचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, त्यामुळे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थेट आत झिरपतो. अडचण दुसरीच आहे : स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. म्हणून कुजक्या पानांवर जगणाऱ्या बऱ्याच पाणबुरश्यांना खळाळता ओढा मानवतो. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याचा फेस सूक्ष्मदर्शकाखाली धरा. चार हातांचे, चांदणीसारखे बीजाणू दिसतील.

प्रश्न : पेशीत मायटोकॉन्ड्रिया (तंतुकणिका, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणारे पेशीतले भाग) शेकड्यांनी असतात असे शिकलो. एकाच मायटोकॉन्ड्रियावर चालणारी पेशी असते का?

असते, आणि माझ्या तर ती फार आवडीची. ब्लास्टोक्लॅडिएला इमर्सोनी या पाणबुरशीचा पोहणारा बीजाणू पाहा. त्याला मागे एक शेपटी (कशाभिका) आणि तिच्या बुडाशी एकच भलीमोठी तंतुकणिका असते. जिथे ऊर्जा लागते तिथेच वीजघर! प्रथिने बनवणारे रायबोसोम सगळे केंद्रकाला चिकटून टोपीसारखे बांधून ठेवलेले, म्हणजे प्रथिने बनवायचे काम बंद. हा जीव पोहताना खातही नाही. बरोबर आणलेल्या शिदोरीवर, मेद आणि ग्लायकोजेनवर, तंतुकणिका चालते. शिदोरी संपायच्या आत बूड टेकायला जागा मिळाली पाहिजे. मिळाली की शेपटी आत ओढली जाते, टोपी सुटते आणि ती एकुलती एक तंतुकणिका तुटून तिच्या अनेक होतात.

प्रश्न : आमच्या गाईच्या पोटात बुरशी असते म्हणे. तिथे हवा कुठली?

नाहीच. म्हणून तिथल्या निओकॅलिमॅस्टिक्ससारख्या बुरश्यांनी ऑक्सिजनवर चालणारी तंतुकणिकाच सोडून दिली. तिच्याच वंशातला हायड्रोजनोसोम हा भाग आता थोडे एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) आणि हायड्रोजन तयार करतो. एका ग्लुकोजमागे तंतुकणिकेच्या वाटेने सुमारे ३० एटीपी मिळतात, नुसत्या किण्वनात (ऑक्सिजनशिवाय साखर फोडण्यात) २, त्यामुळे हा सौदा महागच. पण चोथ्याचा ढीग समोर असताना काटकसर कोण करतो? तो हायड्रोजन मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव उचलतात आणि ढेकर गाय देते. याच बुरशीच्या पोहणाऱ्या बीजाणूंना १९७५ पर्यंत प्राणिसदृश एकपेशीय जीव समजत. ते बुरशीचे आहेत हे संशोधक कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले.

प्रश्न : टाकीतल्या माशावर कापसासारखी बुरशी आली आहे. तीही अशीच का?

ती बहुधा सॅप्रोलेग्निया असेल, आणि ती खरी बुरशीच नव्हे. नातेवाईक तपकिरी शैवालांची. तंतुकणिकेतही फरक दिसतो : खऱ्या बुरशीत तिच्या आतल्या पडद्याच्या घड्या बहुधा चपट्या, हिच्यात नळीसारख्या.